अंगणात कोणी नाही

दिवा खरोखरच बिघडला असता तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आमच्या कातळबावला नृसिंहजन्म होतो तो वैशाखात, तिन्हीसांजेला. धड दिवस नाही, धड रात्र नाही, अशा घटकेला. जन्माचं कीर्तन चार गावांत होतं, पण आमच्याकडे देव खांबातून डोळ्यांदेखत बाहेर येतो. बांबूच्या कामट्या आणि कागद यांचा पुरुषभर उंचीचा खांब सभामंडपात उभा करतात. दिवसभर निर्जळी उपास केलेला गावातला एक पुरुष सुंभाची आयाळ आणि लाकडी मुखवटा लावून आधीच त्या खांबात जाऊन उभा राहतो. मग मंडपाची दारं लागतात. बुवा पूर्वरंगात निरूपण करतात, उत्तररंगात प्रल्हादाची कथा लावतात, आणि शेवटी "दाखव तुझा देव या खांबात!" म्हणून हिरण्यकश्यपूची गदा पडते, बुवा "प्रकटला!" म्हणतात आणि खांब फाडून देव उभा राहतो. त्याच क्षणी बाहेर नगारा होतो. नगारा झाला की दारं उघडतात. तोवर दाराची कडी काढायची नाही आणि खांबाला बोट लावायचं नाही.

खांबातल्या माणसाच्या बायकोनं मात्र जन्म पाहायचा नसतो. तिनं घरच्या उंबरठ्यावर निरांजन लावून थांबायचं. देव पायी तिच्या दारी येतो. ती ऊन पाण्यानं त्याचे पाय धुते, पन्ह्याचा पेला देते, आणि मग मुखवटा उतरवून तो परत तिचा नवरा होतो.

त्या वर्षी खांबात माझा नवरा होता, भार्गव. आणि नारदाच्या गादीवर उभे होते त्याचे वडील, दिगंबरबुवा.

सोबतीला शेजारच्या वेणूमावशी आल्या होत्या. वाट पाहणाऱ्या बायकोला एकटी ठेवायची नाही, अशीही रीत आहे. मावशींचे गुडघे गेले होते आणि जीभ शाबूत होती.

"वैजू, तुझा तो दिवा मेलाय गं," न्हाणीघराकडून येत त्या म्हणाल्या. "अंधारात चाचपडत आले मी. लागला म्हणून नाही."

"तुम्ही चालता इतक्या हळू, त्याला वाटलं असेल तुळशीवृंदावन आहे."

"हो का! अगं तुळशीला दोन वेळा नमस्कार तरी करतात लोक. मला कोण करतंय?"

मी हसले, पण मनात चर्र झालं. सड्यावरची, वरच्या डोंगरमाथ्याची काजूची रानं वणव्यात गेल्यापासून बिबटे खाली वस्तीत उतरायला लागले होते. म्हणून पंचायतीनं घरटी एक, देवळात दोन असे दिवे बसवून दिले होते. कोणी हललं की लागणारे. लोक त्यांना बिबट्यादिवे म्हणत. हा दिवा नाही लागला तर मुखवटा घातलेला भार्गव अंधारात, माडांच्या आगराच्या वाटेनं, एकटा येणार होता. देव झालेल्या माणसाच्या बरोबर कोणी चालत नाही.

मी स्टूल घेतलं आणि दिव्याखाली गेले.

देवळाच्या कर्ण्यावरून बुवांचा आवाज स्वच्छ येत होता. उत्तररंग चालू झाला होता. विष पाजून झालं, हत्तीच्या पायी देऊन झालं, आणि आता कडेलोट. बुवांनी स्वतः रचलेला कटाव होता तो. चिपळ्यांच्या ठेक्यावर असा धावायचा की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा:

"खाली दरी, वरती हरी, मधे एकलं पोर…"

लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी ऐकत होते, तरी त्या ओळीला माझे डोळे भरायचेच. आमच्या बुवांचं कीर्तन म्हणजे माहेरी गेल्यासारखं. डोळे पुसून मी वर पाहिलं.

दिव्याच्या पोटाखाली एक बटण असतं. ते दाबलं की दिवा आपली प्रकृती सांगतो. मी दाबलं.

"दिवा ठीक आहे," तो बाईच्या गोड आवाजात म्हणाला. "अंगणात कोणी नाही."

मी त्याच्या नाकाखाली उभी होते.

"ऐकलंत मावशी? मी कोणी नाही म्हणे."

"सासरी हेच ऐकायचं असतं," मावशी पायरीवर बसून पदरानं वारा घेत म्हणाल्या.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे बिघाड शोधायचा तर ओळीनं शोधायचा ही खोड. आधी वीज. मेन स्विच बंद करून परत लावला. नव्यानं वीज मिळाली की हे दिवे स्वतःहून एकदा पेटून दाखवतात. तसा तो पेटला, सगळं अंगण पांढरं फटक झालं आणि थोड्या वेळानं तो विझला. म्हणजे दिवा जिवंत, तारा जिवंत. मग डोळा. त्याच्या दुधी भिंगावर कोळ्याचं जाळं होतं, ते ओल्या फडक्यानं पुसलं. मागं पाल असते कधीकधी, ती नव्हती. अंधार कळण्यासाठी वेगळी टिकली असते, तिच्यावर तळहात धरून पाहिला. संवेदनेची खिट्टी पूर्ण फिरवली. मग खाली उतरून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी चालत गेले, कारण समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं त्याला जास्त चटकन दिसतं.

अंधार. नुसता अंधार, आणि त्यात माझीच पावलं.

एवढ्याशा खटपटीनं माझं पोलकं पिळून काढावं इतकं भिजलं होतं. वारा असा नव्हताच. दोन दिवस समुद्र तेलासारखा पडून होता. आमचं गाव म्हणजे तीन बाजूंनी डोंगराची वाटी. वारा पडला की वाटीवर झाकण बसतं. फोनवर उष्म्याचा इशारा होता, पण त्या वर्षी तो रोजच असायचा. आणि फोन सांगतो ते तापमान वर सड्यावरच्या केंद्रातलं, जिथं वारा असतो. रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याकडे कोण बघतं?

"खाली दरी, वरती हरी, मधे एकलं पोर…"

मी थबकले. "मावशी, कडेलोट झाला ना मघाशी?"

"झाला असेल," मावशी सावकाश म्हणाल्या. "रंगलेत बुवा."

मलाही तेच वाटलं. बुवांचं वय झालेलं, पुढच्या वर्षी गादीवर उभं राहता येईल की नाही कोण जाणे. घेतला असेल कटाव पुन्हा. लोकांनी आग्रह केला असेल. मी मागच्या पडवीत गेले. देव यायची वेळ झाली होती, पाय धुवायचं पाणी चुलीवर उकळत होतं. फडक्यात धरून तपेलं उचललं आणि अंगणातून उंबरठ्याकडे निघाले.

फट्! दिवा लागला.

मी इतकी दचकले की पाणी पायावर सांडता सांडता राहिलं. मग आनंद झाला. "सुधारला बाई एकदाचा!" तपेलं उंबरठ्याशी ठेवलं. दिवा विझला. रिकाम्या हातांनी मी परत अंगणात गेले, हात हलवले, पदर फडफडवला, अगदी उडीसुद्धा मारली.

अंधार.

पुन्हा तपेलं उचललं. दोन पावलं टाकली. लख्ख उजेड.

दिवा तपेल्याला ओळखत होता. मला नाही.

त्या उजेडात, वाफाळतं तपेलं हातात धरून मी उभी राहिले आणि वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेला धडा पाठीच्या मणक्यातून बर्फासारखा खाली उतरत गेला.

हा दिवा माणूस पाहत नाही. तो ऊब पाहतो. ऊबसुद्धा नाही, उबेतला फरक. प्रत्येक वस्तू आपल्या तापाप्रमाणे न दिसणारा उजेड टाकत असते. दिव्याच्या भिंगाला पैलू असतात, ते अंगणाच्या उभ्या पट्ट्या पाडतात. एरवी अंगण गार, माणूस गरम. माणूस एका पट्टीतून दुसरीत गेला की दिव्याला फरक जाणवतो आणि तो लागतो. भिंत, हवा, जमीन आणि माणूस ही सगळीच एका तापाला आली, तर फरक उरत नाही. पाण्यात पाण्याचा थेंब पडावा तसा माणूस अंगणात विरघळून जातो.

दिवा खरं बोलत होता. अंगणात कोणी नव्हतं. कातळबावची हवा माझ्या कातडीइतकी तापली होती.

आणि मग धड्याचा दुसरा भाग आठवला. स्वस्थ बसलेलं माणूससुद्धा जुन्या काळच्या शंभराच्या बल्बइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतं. टाकलीच पाहिजे, नाहीतर आतून शिजेल. ती टाकायला देवानं दोन दारं दिलीत. बाहेरची हवा गार असेल तर उष्णता तिच्यात जाते, हे एक. ते बंद झालं, तर घाम वाळताना उष्णता घेऊन जातो, हे दुसरं. मी दांडीकडे पाहिलं. सकाळी वाळत घातलेलं लुगडं अजून टपटपत होतं. हवा ओलाव्यानं तुडुंब होती. त्या हवेत काहीच वाळत नव्हतं.

दोन्ही दारं बंद. आणि सभामंडपाचीही.

दाराआड दीडशे माणसं, दीडशे पेटते बल्ब. पंखे चालू असणार, पण गरम हवाच फिरवणार. आणि मंडपाच्या मधोमध कागदाच्या खांबात, सुंभाच्या आयाळीखाली, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेला एक माणूस.

"खाली दरी… वरती… वरती हरी… मधे एकलं पोर…"

तिसऱ्यांदा.

या वेळी मी कान देऊन ऐकलं. पेटी वाजत नव्हती. तबलाही नव्हता. नुसत्या चिपळ्या, त्याही ठेका सोडून. बुवा प्रल्हादाला कड्यावर नेत होते, लोटत होते, आगीत बसवत होते आणि पुन्हा कड्यावर नेत होते. ज्या माणसानं जन्मात ओळ चुकवली नाही, तो कथेच्या एका गल्लीत शिरला होता आणि त्याला बाहेरची वाट सापडत नव्हती. डोकं तापलं की पहिली जाते ती वाट. बुवांना ती चुकली होती, आणि दीडशे माणसांतल्या एकालाही ते कळत नव्हतं. सूर्य केव्हाच बुडाला होता. जन्म होत नव्हता. असा तो होणारच नव्हता.

"मावशी!"

मावशींची मान खाली गेली होती. हलवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "झोप येतेय गं. छान वाटतंय."

ते 'छान वाटतंय' हेच वाईट लक्षण होतं. माठातलं पाणी बादलीत ओतून मावशींचे पाय त्यात बुडवले. ओला पंचा डोक्यावर दिला.

"झोपायचं नाही. मोठ्यानं नाम घ्या. मला वाटेपर्यंत ऐकू आलं पाहिजे. आवाज थांबला तर मी समजेन तुम्ही गेलात."

"तू कुठं निघालीस?" मावशी एकदम जाग्या झाल्या. "उंबरठा सोडायचा नाही तू! देव आला आणि दारात बाई नसली तर अपशकुन होतो!"

"देव आला तर त्याला सांगा, मी त्यालाच आणायला गेलेय."

अंगणाच्या कडेला आमची पाण्याची डोण आहे, गुरांसाठी केलेली. तिच्यापाशी पोचले आणि पाय जमिनीला खिळले. डोणीतलं पाणी हललं. दिवा लागला नव्हता, चतुर्दशीचा चंद्रही ढगांआड होता, पण आकाशात अजून राखेसारखा उजेड होता. त्यात मला ते दिसलं. पाण्यात पोटापर्यंत बसलेलं, लांबलचक, ठिपक्यांचं. माझ्यापासून दोन हातांवर. त्याचं तोंड उघडं होतं आणि तो कुत्र्यासारखा धापा टाकत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला खायचं की नाही, याचा विचारसुद्धा त्या डोळ्यांत नव्हता. आम्ही दोघं एकाच गोष्टीला भ्यालो होतो.

मी त्याच्या शेजारून चालत गेले. मागून मावशींचा कापरा आवाज येत होता, "नरहरी, नरहरी, नरहरी…" वळणापर्यंत चालले आणि मग धावत सुटले.

देवळाच्या पायऱ्यांवर नगाऱ्यापाशी धोंडू गुरव बसला होता. हातात टिपऱ्या, डोळे कर्ण्याकडे, अंगावरून धारा. मला पाहून तो उठलाच.

"वैनी! तुम्ही हितं कशाला? घरी जावा, देव यायचाय!"

"धोंडूभावजी, नगारा करा."

"खुळ्या झालात काय? बुवांनी 'प्रकटला' म्हटल्याबिगर टिपरी लावत नाहीत."

"कडेलोट कितव्यांदा चाललाय?"

धोंडूनं हातातल्या टिपऱ्या खाली केल्या.

"पेटी का वाजत नाही? बुवांनी कधी ओळ दोनदा घेतलीय? सूर्य जाऊन किती वेळ झाला? सांगा ना!"

"मला वाटलं… रंगलेत," तो पुटपुटला. सगळ्यांना तेच वाटलं होतं. कीर्तन रंगलंय म्हटल्यावर आमच्या गावात कोणी घड्याळ बघत नाही. त्या संध्याकाळी आमचा तोच गुण आमच्या जिवावर उठला होता. "पर वैनी, माज्या हातनं जन्म आधी वाजला तर पाप कुनाला?"

"मला," म्हटलं, आणि त्याच्या हातातून टिपऱ्या ओढून घेतल्या.

जन्मात कधी नगारा वाजवला नव्हता. माझा पहिला ठोका पत्र्यावर नारळ पडल्यासारखा आला. दुसरा तसाच. धोंडूचा चेहरा पिळवटला. "अवो असा नाय वाजवत!" म्हणून त्यानं टिपऱ्या हिसकावल्या, आणि त्याचे हात पडले. मग जो नगारा झाला, त्यानं डोंगर दणाणले.

आत कडी निघायला फार वेळ लागला. दार उघडलं तेव्हा भट्टीचं तोंड उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. कडी काढणारा दारातच भिंतीला टेकून खाली बसला.

माणसं ओळीनं बसली होती. कोणी ओरडत नव्हतं, कोणी पडलं नव्हतं. सगळे नुसते बसलेले, डोळे अर्धे उघडे, अंग चकचकीत, आणि वरून पंखे गरगर फिरतायत. कोणाचं काही दुखत नव्हतं.

गादीवर बुवा उभे होते. पगडी तिरकी, अंगरखा छातीला चिकटलेला. ओठ हलत होते. नगारा त्यांच्या कानात शिरला तशी चिपळी थांबली, मान वर झाली, आणि साठ वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून शब्द निघाला.

"प्रकटला!"

कोणीतरी मूठभर गुलाल उधळला. खांब तसाच उभा होता.

"प्रकटला!" बुवा पुन्हा म्हणाले.

कागद हललासुद्धा नाही.

बुवा खांबाकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज बदलला. तो कीर्तनकाराचा उरला नाही.

"भार्गवा?"

मी माणसांच्या मांड्यांवर पाय देत खांबापर्यंत गेले. दोन्ही हातांची नखं कागदात खुपसली आणि वरपासून खालपर्यंत फाडला. भार्गव कामट्यांना टेकून गुडघ्यांवर घसरला होता. मुखवटा हसतच होता. तो ओढून काढला. खालचा चेहरा लाल, कोरडा, आणि हाताला असा लागला की तव्याची आठवण व्हावी.

"भार्गव! अरे, वैजू आहे मी!"

तो काहीतरी बोलला. त्याला शब्द नव्हते.

धोंडू आणि आणखी तिघांनी त्याला उचललं. "बावीवर!" मी ओरडले. आमच्या देवळामागं पायऱ्यांची बाव आहे. कातळातून झरा येतो, पाणी बारमाही गार. ती देवाची. फक्त अभिषेकाला कळशी भरायची, पाय बुडवायचा नाही. बावीच्या काठावरच पंचायतीचा दुसरा दिवा होता. मी पुढं धावले, दिव्याखालून गेले. अंधार. माझ्यामागून आणखी माणसं गेली. अंधार. मग भार्गवला घेऊन ते चौघे आले.

दिवा लागला.

क्षणभर मला कळेना. मग कळलं, आणि मी तोंडावर हात दाबला. आम्ही सगळे हवेइतकेच होतो, म्हणून दिव्याला दिसत नव्हतो. भार्गव हवेपेक्षा गरम झाला होता. त्या एवढ्या गर्दीत दिव्याला एकच माणूस दिसत होता, आणि तो जळत होता.

त्याला गळ्यापर्यंत पाण्यात धरलं. मी डोक्यावर ओंजळी ओतत राहिले. अंगावरचा गुलाल पाण्यात पसरला. वर काठावर माणसं जमत होती, लटपटत, एकमेकांना धरून. "सगळे उतरा! पाण्यात उतरा!" मी ओरडत होते. कोणी हलेना. देवाचं पाणी! मरायला टेकलेली माणसं कातळावर उभी राहून पाण्याकडे बघत होती, पण पाऊल टाकत नव्हती. तालुक्याला फोन लावला तर तिथली मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, सगळ्या बंदरपट्टीतून फोन येतायत. गाडी नाही. पाणी आहे का जवळ? पाण्यात बसा."

तेवढ्यात दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बुवा आले. एकेक पायरी उतरत, पगडी-अंगरख्यासकट ते सरळ पाण्यात शिरले आणि आमच्याशेजारी छातीइतक्या पाण्यात बसले. मुलाचं डोकं त्यांनी खांद्यावर घेतलं. गार पाणी अंगात मुरलं तशी त्यांच्या डोळ्यांत ओळख परत आली. मग वर पाहून, कीर्तनात मागच्या रांगेला दटावायचे तसे म्हणाले,

"देव पाण्यात उतरलाय. तुम्ही काठावर काय करताय रे?"

मग माणसं उतरली. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. बाव काठोकाठ भरली. पेटीवाले जनुभाऊ मात्र आले नाहीत. चौघे त्यांना आणायला आत गेले, ते मान खाली घालून परत आले. जनुभाऊंची बोटं अजून पट्ट्यांवर होती. त्यांच्या बायकोला आम्ही पाण्याबाहेर येऊ दिलं नाही. ती आमच्यात उभी राहून रडली, आणि आम्ही तिला धरून उभ्या राहिलो.

धोंडू आणि त्याचे भाऊ वेणूमावशींना खुर्चीत घालून घेऊन आले. ती खुर्ची वळणावरून येतानाच ऐकू येत होती, "नरहरी, नरहरी… नीट धरा मेल्यांनो… नरहरी…" पाण्यात बसवल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुझ्या डोणीत तो बसलाय अजून. सगळं नाम त्यानंही ऐकलं. उठला नाही हो कीर्तनातून!"

मला हसू आलं नाही. भार्गवचे डोळे मिटलेले होते.

थोड्या वेळानं आम्ही त्याला दिव्याच्या टप्प्यातल्या वरच्या पायरीवर घेतलं. ओल्या अंगाचा भरवसा नसतो. पाण्याच्या गारव्यानंही दिवा फसतो. म्हणून त्याचं नि माझं अंग कोरडं पुसलं, थांबले, आणि मग त्याचा हात धरून हलवला. दिवा लागला. अजून आत विस्तव होता. परत पाण्यात. परत ओंजळी. बुवा त्याच्या कानाशी काहीतरी गुणगुणत होते. मी कान दिला. कडेलोटच होता, पण पुढची ओळ, जी त्यांना सगळ्या संध्याकाळभर सापडली नव्हती: खाली हरीनं हात पसरले आणि पोराला अलगद झेललं.

दुसऱ्यांदा त्याला वर घेतलं. पुसलं. थांबले. त्याच्या कातडीवर पुन्हा ऊब यायला लागली. हात हलवायला मी वाकले, इतक्यात तो हात आपणहून उठला. अंधारात चाचपडत माझ्या चेहऱ्यावर आला.

"वैजू," भार्गव घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पन्हं राहिलं."

मी वर पाहिलं. त्याचा हात माझ्या गालावरून केसांवर फिरत होता, दिव्याच्या अगदी डोळ्यासमोर.

दिवा लागला नाही.

मला खात्री करायची होती. उठून, काठावर चढून दिव्याखालचं बटण दाबलं.

"दिवा ठीक आहे," तोही त्याच गोड आवाजात म्हणाला. "अंगणात कोणी नाही."

मी मटकन खाली बसले आणि रडले. इतकं सुंदर वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आणि रडता रडता भीतीही तशीच उभी होती, कारण तेच वाक्य सांगत होतं की आमच्यातल्या कोणालाच अजून पाण्याबाहेर जाता येणार नाही. आजची संध्याकाळ सरली तरी उद्या तिन्हीसांज पुन्हा होणार आहे.

आरती राहिली होती. निरांजन आमच्या उंबरठ्यावर होतं. बुवांनी ओल्या अंगरख्यात उभं राहून नुसते हात जोडले आणि पेटीवाचून, अंधारात, सूर लावला. बावीतून दीडशे आवाज उठले. वर तो दिवा डोळा उघडा ठेवून आमच्याकडे बघत होता, आणि त्याच्या लेखी तिथं कोणीच नव्हतं.